सुईमागचे मीठ

मिठाने गाणे वाजते असे कोणी सांगितले, तर त्याला आपण वेड्यातच काढू. पण एके काळी असंख्य घरांत ते तसेच वाजत होते.

चावीच्या ग्रामोफोनला वीज लागत नसे. तबकडीच्या खाचेत पोलादी सुई थरथरे, ती थरथर पातळ पडद्याला पोचे आणि कर्ण्यातून आवाज निघे. 1925 च्या सुमारास ध्वनिमुद्रणात वीज आली. मग सुईची थरथर विजेत उतरवायची कशी, हा प्रश्न आला. हे काम करणारी इवलीशी डबी म्हणजे कार्ट्रिज. पुष्कळांनी त्यासाठी चुंबक आणि तारेचे वेटोळे वापरले; काहींनी आडवाट धरली.

सतराव्या शतकात फ्रान्समधील ला रोशेल गावी सेन्येत नावाच्या औषधविक्याने पोट साफ करणारे एक मीठ तयार केले. शिक्षकांना ते परिचित आहे; फेलिंगच्या द्रावणात तेच पडते. 1880 साली मादाम क्युरींचे भावी पती पिएर आणि त्यांचे बंधू झाक यांनी दाखवले की, असे काही स्फटिक दाबले की त्यांत वीज उत्पन्न होते. 1930 नंतर या मिठाचा स्फटिक सुईमागे बसला. आवाज मोठा, किंमत थोडी! पण मीठ ते मीठच. दमट हवेत ते पाझरे, फार कोरड्या हवेत त्याची भुकटी होई आणि 55 अंश सेल्सियसच्या आसपास ते वितळे.

दुसरी काळजी तबकडीची. जड सुईने खाच झिजते, आणि झिजलेला आवाज परत येत नाही. म्हणून 1940 च्या सुमारास अमेरिकेत फिल्को कंपनीने सुईला चिमुकला आरसा जोडला. त्यावरून परतणारा प्रकाश हले आणि प्रकाशविद्युत घट त्याची वीज करी. पुढे पॉल वेदर्स यांनी सुईचा भार अवघ्या एका ग्रॅमवर आणला.

या जुन्या कार्ट्रिजांचे शौकिनांना वेड आहे ते एवढ्यासाठीच. प्रश्न एक, पण प्रत्येक डबीत उत्तर निराळे.

तेव्हा शाळेतला जुना रेकॉर्ड प्लेअर मुका झाला, तर तबकड्या टाकून देऊ नका. कदाचित आतले मीठच मेले असेल. जाणकाराकडून कार्ट्रिज बदलून घ्या. आणि चावीच्या ग्रामोफोनची पोलादी सुई लाँगप्ले तबकडीवर कधीही ठेवू नका. यंत्र दुरुस्त होते. खाचेतला गळा एकदा गेला की गेला.