आनंदवनातली पंगत

नांदेड-लातूरकडची पोरं सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीला निघाली की आम्हाला आनंदवनाची भाजी आठवते. बाबा आमटेंनी १९४९ साली वरोऱ्याजवळ वसाहत मांडली. कुष्ठरुग्णांनी भाजी पिकवली, पण गिऱ्हाईक फिरकेना. डॅप्सोननं रोग हटू लागला होता. भीती हटत नव्हती. मग १९५० च्या दशकात 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल'चे परदेशी स्वयंसेवक बांधकामाला आले. भिंती तर त्यांनी उभारल्याच, पण मोठं काम झालं ते पंगतीत. तीच भाजी ते खातात हे गावानं पाहिलं, आणि बाजार खुला झाला. आम्हाला हे जरा टोचतंच. पिकवणारा शेजारी, आणि विश्वास बसला गोऱ्या पाहुण्याच्या ताटावर! कायदा तरी कुठं घाईत होता? कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण, ते कायद्यातून निघालं २०१९ साली.