हॉलला काचेचा मोठा सरकता दरवाजा: खर्च नेमका कशाने वाढतो?

कोकणात नवीन घर बांधताना हॉल आणि गॅलरीच्या मध्ये तीन-चार पल्ल्यांचा काचेचा सरकता दरवाजा बसवण्याची पद्धत आता गावोगावी दिसते. दुबई, दोहा किंवा कुवेतला नोकरी करणारा मुलगा तिथल्या फ्लॅटमधला दरवाजा व्हिडिओ कॉलवर दाखवतो आणि म्हणतो, "अब्बा, आपल्या हॉललाही असाच लावू." मग गावात वडील फॅब्रिकेटरला विचारतात, "चौरस फुटाला काय रेट?"

घोळ इथूनच सुरू होतो. एकाच मापाच्या दरवाजाचे दोन रेट ऐकले की स्वस्त वाटणारा घेतला जातो आणि पहिल्या पावसात हॉलमध्ये पाणी येतं. म्हणून रेटच्या मागे काय काय असतं, ते आधी समजून घेऊ.

पल्ले किती, ट्रॅक किती?

पल्ल्याला कारागीर शटर म्हणतात. दोन ट्रॅकवर दोन शटर असतील, तर दरवाजा अर्धाच उघडतो. तीन ट्रॅकवर तीन शटर असतील, तर साधारण दोन तृतीयांश मोकळा होतो. चार ट्रॅकवर चार शटर असतील, तर जवळपास तीन चतुर्थांश. ट्रॅक वाढला की चौकट रुंद होते आणि ॲल्युमिनियम जास्त लागतं. शटर वाढलं की उभ्या पट्ट्या, चाकं आणि रबरही वाढतं. म्हणजे १२ फुटांच्या जागेत ४ फुटांची तीन शटर आणि ३ फुटांची चार शटर यांचा खर्च सारखा येत नाही, क्षेत्रफळ तेवढंच असलं तरी.

डासांची जाळी हवी असेल तर तिला स्वतंत्र ट्रॅक लागतो. हे सुरुवातीलाच सांगा. चौकट बसल्यावर ट्रॅक वाढवता येत नाही.

काच: पैसा आणि सुरक्षितता दोन्ही इथेच

साधी काच फुटली की तिचे लांब, धारदार तुकडे होतात. टफन केलेली काच फुटली तर बारीक दाण्यांसारखे तुकडे पडतात, त्यामुळे खोल जखम होण्याचा धोका कमी होतो. घरात धावणारी मुलं असताना जमिनीपर्यंतच्या दरवाजाला साधी काच लावून पैसे वाचवू नका. टफन काचेच्या कोपऱ्यात बहुधा कंपनीचा शिक्का असतो, तो पाहून घ्या. सुरक्षा काचेसाठी भारतीय मानक आयएस २५५३ आहे. कोटेशनमध्ये त्याचा उल्लेख मागा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. काच टफन झाल्यावर कापता येत नाही. माप अर्ध्या इंचाने चुकलं तरी नवीन काच मागवावी लागते.

लॅमिनेटेड काचेत दोन काचांच्या मध्ये चिकट थर असतो. ती तडकली तरी जागेवर धरून राहते. घर वर्षातले सात-आठ महिने बंद राहत असेल, तर ही काच महाग असली तरी विचार करण्यासारखी आहे. दोन काचांमध्ये बंद पोकळी असलेली डबल काच आखातात उष्णतेसाठी आणि एसीसाठी उपयोगी पडते. गावी दिवसभर दरवाजा उघडाच ठेवायचा असेल, तर तिचे पैसे वसूल होत नाहीत.

आरशासारखी काच दिवसा आतलं दिसू देत नाही. पण रात्री आत दिवा लागला की बाहेरून सगळं दिसतं. म्हणून पडद्याचा खर्च हिशेबात धराच.

वजनावर चाकं ठरतात

काचेचं वजन दर मिलिमीटर जाडीला प्रति चौरस मीटर अडीच किलो असतं. ४ बाय ८ फुटांच्या शटरमध्ये ६ मिमी काच सुमारे ४५ किलोची, ८ मिमी सुमारे ६० किलोची होते. ६ मिमीच्या दोन काचा घेतल्या तर ९० किलो, शिवाय चौकटीचं वजन वेगळं. हलकी चाकं एवढं वजन फार दिवस पेलत नाहीत. आधी दरवाजा जड जातो, मग ट्रॅक घासतो. चाकं किती किलोसाठी आहेत, हे लिहून घ्या. सेक्शनची जाडीही विचारा. उंच शटरला पातळ सेक्शन वाऱ्यात वाकतो.

पाऊस, वारा आणि खारी हवा

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो आणि तो नैर्ऋत्येकडून झोडपतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन, मुरुड भागात काय केलं, ते आपल्या लोकांनी पाहिलंय. पश्चिमेला तोंड असलेल्या दरवाजाला खालच्या ट्रॅकमध्ये पाणी बाहेर जाण्याची भोकं, बाहेरच्या बाजूला उतार आणि चांगलं रबर हवंच. वर छज्जा असेल तर निम्मा त्रास वाचतो.

समुद्राजवळ साधे लोखंडी स्क्रू गंजतात आणि हलकं पावडर कोटिंग फुगतं. तिथे स्टेनलेस स्टीलचे स्क्रू आणि चांगलं कोटिंग घ्या.

बांधकामातला लपलेला खर्च

१२ फुटांच्या मोकळ्या जागेवर मजबूत बीम लागतो. बीम थोडा झुकला तरी शटर अडकतं. म्हणून दरवाजाचा निर्णय स्लॅब पडण्याआधी घ्या, इंजिनिअरला सांगा. ट्रॅक फरशीच्या पातळीत हवा असेल तर तेही फरशी बसण्याआधीच ठरवा. भिंत फोडून पुन्हा प्लास्टर करणं कायम महाग पडतं.

कोटेशन असं वाचा

फक्त हिशेब समजण्यासाठी आकडे धरू. दरवाजा १२ बाय ८, म्हणजे ९६ चौरस फूट. पहिल्याचा रेट ९००, म्हणजे ८६,४००. दुसऱ्याचा १,०५०, म्हणजे १,००,८००. पहिला स्वस्त वाटतो. पण त्याच्या रेटमध्ये जाळी नाही, ती ८,०००. लॉक-हँडल ६,०००. वाहतूक आणि फिटिंग ७,०००. बेरीज १,०७,४००. दुसऱ्याने हे सगळं रेटमध्येच धरलं होतं.

म्हणून दोघांकडूनही एकाच कागदावर हे लिहून घ्या:

- शटर आणि ट्रॅकची संख्या
- काचेचा प्रकार आणि जाडी
- सेक्शनची जाडी आणि कोटिंग
- चाकांची क्षमता, लॉक, जाळी
- वाहतूक, फिटिंग, सिलिकॉन
- जीएसटी धरून की सोडून
- माप कोण घेणार, आणि चुकलं तर काच कोणाच्या खर्चाने

माप प्लास्टर झाल्यावरच घ्यायला सांगा, रुंदी वर-मध्ये-खाली तीन ठिकाणी. पूर्ण रक्कम आधी देऊ नका. शेवटचा हप्ता दरवाजावर पाइपने पाणी मारून पाहिल्यावर द्या.

बजेट कमी पडत असेल तर रुंदी कमी करा, एखादं शटर कमी करा. पण काच, चाकं आणि पाण्याचा निचरा यात काटकसर करू नका. परदेशात घाम गाळून पाठवलेला पैसा आहे, तो दर पावसाळ्यात दुरुस्तीत जाता कामा नये.