जिंकता न येणारा मास्टरपीस

नोव्हेंबर २०१२मध्ये न्यूयॉर्कच्या ‘म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट’नं आपल्या संग्रहात चौदा व्हिडिओ गेम्स घेत असल्याचं जाहीर केलं. जिथे पिकासो आणि व्हॅन गॉग आहेत, तिथे ‘पॅक-मॅन’? काही कलासमीक्षक खवळले. सिनेसमीक्षक रॉजर एबर्ट यांनी तर २०१०मध्येच लिहिलं होतं, की व्हिडिओ गेम कधीच कला होऊ शकत नाहीत. त्यांचा एक मुद्दा वजनदार होता. गेम जिंकता येतो; कादंबरी किंवा सिनेमा जिंकायचा नसतो, अनुभवायचा असतो.

या मुद्द्याला नुसत्या देखण्या ग्राफिक्सनं उत्तर देता येत नाही. म्हणून त्याच चौदांतला सगळ्यात साधा गेम घेऊ : ‘टेट्रिस’.

१९८४. मॉस्कोत सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सी पाजित्नोव काम करत होते. त्यांच्या ‘एलेक्ट्रोनिका ६०’ या संगणकावर चित्रं दाखवण्याची सोयच नव्हती, फक्त अक्षरं आणि चिन्हं उमटायची. त्यांनी कंसाच्या जोड्या जोडून चौकोन तयार केले. पेंटोमिनो या कोड्यात पाच-पाच चौकोनांचे बारा तुकडे असतात. पाजित्नोव यांनी ते चारांवर आणले, तेव्हा सातच तुकडे उरले. पण वरून पडणाऱ्या तुकड्यांनी स्क्रीन काही सेकंदांतच भरून जायची. मग भरलेली ओळ नाहीशी करायची युक्ती सुचली आणि गेमला श्वास मिळाला.

वादीम गेरासिमोव या शाळकरी मुलानं तो आयबीएम पीसीवर आणला. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर उतरत तो देशाबाहेर पडला आणि १९८९मध्ये निन्टेन्डोच्या गेम बॉयसोबत जगभर गेला. हक्क मात्र सोव्हिएत सरकारकडे होते. पाजित्नोव यांना रॉयल्टी मिळू लागली ती १९९६पासून. आपल्याकडे नव्वदच्या दशकात पेन्सिल सेलवर चालणारे स्वस्तातले ‘ब्रिक गेम’ आले. मीही टेट्रिस पहिल्यांदा त्यावरच खेळले. तो कुणाचा, कुठला, हे आमच्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

आता एबर्टकडे परत येऊ. मूळ टेट्रिस जिंकता येत नाही. तुकडे पडतच राहतात, वेग वाढत जातो, आणि शेवटी हरणं ठरलेलंच असतं. प्रश्न एवढाच, की तोवर तुम्ही किती नीट रचता. हे सांगायला त्यात एकही पात्र नाही, एकही संवाद नाही. सगळा अर्थ नियमांतच आहे.

माझी कसोटी हीच : हा अनुभव दुसऱ्या माध्यमात नेता येईल का? ‘द लास्ट ऑफ अस’ची गोष्ट २०२३मध्ये टीव्हीवर आली आणि चाललीही. पण शेवटी नायक जे करतो, ते गेममध्ये आपल्याच बोटांनी करावं लागतं. टीव्हीवर ते फक्त बघता येतं. त्या गेमचं मोठेपण मला तिथे दिसतं.

जेसन रोररचा ‘पॅसेज’ (२००७) तर पाचच मिनिटांचा आहे. सोबतीण घेतली, तर अरुंद वाटा बंद होतात. न घेतली, तर एकट्यानं म्हातारं व्हायचं. शेवट दोन्हीकडे मृत्यूच. यात जिंकणार काय?

आता मोबाइलवर रोज नवे गेम येतात आणि जुने गुपचूप गायबही होतात. ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’च्या २०२३च्या अभ्यासानुसार अमेरिकेत २०१०पूर्वी आलेल्या गेम्सपैकी ८७ टक्के आज बाजारात उपलब्धच नाहीत. जुनं पुस्तक रद्दीत तरी सापडतं. सर्व्हर बंद झालेला गेम कुठेच सापडत नाही. म्हणून ‘मास्टरपीस कोणता?’ हा वाद मला रिकामटेकडा वाटत नाही. ज्याला आपण आज मोठं म्हणू, तेच कुणीतरी जपून ठेवील. तुमच्या फोनमधला कोणता गेम तीस वर्षांनीही खेळता यायला हवा, हे आत्ताच ठरवायला लागा.