सोप्या शब्दांचा अवघड इतिहास



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ आपण आज जमलो आहोत, त्यांच्याच वर्गात, बेळगावच्या याच शाळेत, मी इंग्रजीची पहिली अक्षरे गिरवली. स्वतःची स्तुती त्यांना कधी रुचली नाही. म्हणून त्यांचे गुणगान करण्याऐवजी त्यांनी आयुष्यभर ज्याचा ध्यास घेतला, त्या विषयाचा थोडा इतिहास आपल्यापुढे मांडतो. नित्याच्या वापरातील इंग्रजी शब्दांचा अर्थ लहान मुलाला त्याला समजेल अशा भाषेत कसा सांगावा, हा तो विषय.

एक प्रसंग आठवतो. धड्यात ‘राइस’ हा शब्द आला. एकाने अर्थ सांगितला ‘भात’, दुसऱ्याने ‘तांदूळ’. शेतकऱ्याच्या घरचा एक मुलगा म्हणाला, ‘भात तर शेतात असतो.’ वर्गात वाद माजला. गुरुजी त्या दिवशी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी टेबलावर तीन वाट्या मांडल्या. एकीत टरफलासकट भात, दुसरीत तांदूळ, तिसरीत शिजलेला भात. ‘इंग्रज या तिन्हींना राइस म्हणतो,’ ते म्हणाले. ‘टरफलाच्या भाताला पॅडी असा निराळा शब्द त्याच्याकडे आहे, पण तोही त्याने मलायी भाषेतून उचललेला. तेव्हा तुम्ही तिघेही बरोबर आहात. वाक्यात कोणती वाटी आहे, तेवढे ओळखायला शिका.’

पुढे मी स्वतः शिक्षक झालो, कोशवाङ्मयाचे वाचन वाढले, तेव्हा उमगले की या तीन वाट्यांपर्यंत पोहोचायला इंग्रज कोशकारांना तीन शतके लागली होती.

इंग्रजी शब्दांचा इंग्रजीतच अर्थ देणारा पहिला कोश रॉबर्ट कॉड्री याने १६०४ साली प्रसिद्ध केला. कॉड्री हा पेशाने शाळामास्तर आणि धर्मोपदेशक. त्याच्या कोशात सुमारे अडीच हजार शब्द होते आणि ते बहुतेक लॅटिन, ग्रीक वा फ्रेंचमधून आलेले अवघड शब्द होते. पाणी, घर, भाकरी यांना त्यात स्थान नव्हते. जे सर्वांना ठाऊक आहे ते सांगायचे कशाला, अशी त्या काळची समजूत. नित्याचे शब्द इंग्रजी कोशात मोठ्या प्रमाणावर आले ते १७०२ साली, जॉन कर्झी याच्या नावावर मानल्या जाणाऱ्या कोशात.

मुलाचा विचार करणारा माणूस मात्र इंग्लंडबाहेरचा निघाला. मोराव्हियातून परागंदा झालेल्या कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाने १६५८ साली न्युरेम्बर्गहून मुलांसाठी एक सचित्र पुस्तक काढले. चित्रातील प्रत्येक वस्तूला आकडा, आणि तोच आकडा मजकुरातील शब्दाला. लोहाराचा भाता, सुताराचा रंधा, घरातील चूल, सारे मुलाने आधी डोळ्यांनी पाहायचे आणि मग त्याचे नाव घ्यायचे. लगेच पुढल्या वर्षी चार्ल्स हूल या इंग्रज शिक्षकाने त्याचा इंग्रजी अनुवाद केला. आजची बालवाडीतील रंगीत पुस्तके याच घराण्यातील होत.

परंतु चित्र वस्तूचे काढता येते. ‘काल’, ‘जवळ’, ‘खरे’ यांचे चित्र कसे काढणार? तेथे शब्दच शब्दाच्या मदतीला यावे लागतात. १७५५ साली आपला महाकोश सिद्ध करणाऱ्या डॉ. सॅम्युएल जॉन्सनसारख्या पंडिताचीही येथे फजिती झाली. ‘जाळीकाम’ अशा अर्थाचा साधा शब्द समजावताना त्याने असे जडजंबाल लॅटिनोद्भव शब्द योजले की मूळ शब्दच सोपा वाटावा. आपल्या प्रस्तावनेत त्याने ही अडचण प्रांजळपणे मान्यही केली आहे. अर्थ सांगायला मूळ शब्दाहून सोपा शब्द हवा, आणि अगदी सोप्या शब्दाहून सोपे काही सापडत नाही.

या कोंडीतून वाट काढणाऱ्यांपैकी एक जण आपल्याच देशात काम करीत होता, याचा मला विशेष आनंद वाटतो. मायकेल वेस्ट हा ढाक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचा प्राचार्य होता. बंगालमधील अनेक मुले चार-दोन वर्षांत शाळा सोडतात, हे त्याने पाहिले. विम्याची पॉलिसी मध्येच मोडली तरी काही रक्कम हाती पडते, तसे मध्येच शाळा सोडणाऱ्या मुलाच्याही पदरात काही पडले पाहिजे, असे त्याने १९२६ सालच्या आपल्या ग्रंथात मांडले. १९३५ साली जेम्स एंडिकॉट याच्यासह त्याने जो कोश केला, त्यात चोवीस हजारांवर शब्द व शब्दप्रयोगांचे अर्थ केवळ १४९० शब्दांच्या मर्यादेत सांगितले होते. त्याच वर्षी अमेरिकेत थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाचा मुलांसाठीचा कोश निघाला. अर्थ मुलाच्या शब्दसंपत्तीत बसला पाहिजे, हे तत्त्व आता रूढ झाले.

आपल्याकडची वाट निराळी होती. मोल्सवर्थ व कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली निघाला. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाचा संक्षेप १८६३ साली बाबा पदमनजी यांनी केला, आणि ते तर जन्माने बेळगावकर! हे उपकार मोठे आहेत. पण द्विभाषी कोश पर्यायी शब्द देतो. त्यांतला कोणता कोठे बसतो, हे शिक्षकालाच सांगावे लागते.

येथे एक कबुली देणे मला भाग आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी ‘अंकल’चा अर्थ विचारला. एक मुलगा म्हणाला, ‘मामा.’ मी ‘काका’ असे शिकवले होते. मी त्याला छडी मारली. मधल्या सुटीत गुरुजींनी मला बोलावून विचारले, ‘तो मुलगा राहतो कुणाकडे, ठाऊक आहे?’ वडील वारल्यापासून तो मामाकडे वाढत होता. त्याचे उत्तर शब्दाने बरोबर होते आणि आयुष्यानेही. मी वर्गात जाऊन त्याची क्षमा मागितली. त्यानंतर छडी हाती धरली नाही.

आज आमच्या सीमाभागातील पुष्कळ घरांतून मुले पहिल्या इयत्तेपासूनच इंग्रजी माध्यमात जातात. त्याबद्दल मी पालकांना दोष देत नाही. पोटाचा प्रश्न मलाही कळतो. पण नातवाला ‘राइस’ येतो आणि टरफलाचा भात ओळखता येत नाही, तेव्हा मला त्या तीन वाट्या आठवतात. घरच्या भाषेतील अनुभवाचा टेकू नसेल, तर परका शब्द पाठ होतो, पण आपला होत नाही. कोशकार तीन शतके धडपडले ते हा टेकू शोधण्यासाठी. आपल्या मुलांना तो घरात आयता मिळण्याजोगा आहे. तो काढून घेऊ नये, एवढीच माझी विनंती.