बैल ‘वारत’ का नाही?

पावसाळ्याच्या तोंडाशी मराठवाड्यातल्या वर्तमानपत्रांत एक बातमी ठरलेली असते: वीज पडून शेतकऱ्याचा मृत्यू, दोन बैल दगावले. झाड एकच, वीज एकच, क्रियापदं मात्र दोन. भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईसारख्या गावात पारावर हीच बातमी बोलीत आली, की फरक आणखी ठळक होतो. शेतकरी ‘गेला’, ‘वारला’, जित्राब ‘मेलं’. ‘बैल वारला’ असं कुणी म्हणालंच, तर ऐकणारा एक तर हसेल, नाही तर बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहील.

जनावराला परलोक आहे की नाही, हा प्रश्न शास्त्री-पंडितांना विचारण्याआधी भाषेला विचारून बघावा असं मला वाटतं. पंडित विचार करून उत्तर देतात. भाषा न विचारताच देऊन मोकळी झालेली असते.

‘दगावणे’ हे क्रियापद ‘दगा’वरून आलं आणि ‘दगा’ फारसीतून. दगावणे म्हणजे धोका होणं, ऐन वेळी घात होणं. पण घात कुणाचा? वाक्यात कर्ता बैल. पंचनाम्यात नुकसान धन्याचं. पेरणी तोंडावर आणि जोडीतला एक गेला, हा दगा शेतकऱ्याला झालेला. तरी या शब्दाला कोरडा म्हणू नये. बाळही दगावतं, बाळंतीणही दगावते. जे वेळेआधी, अर्ध्या वाटेवरून जातं, ते दगावतं. बैल या यादीत बसतो यात मला भाषेची थोडी माया दिसते. म्हाताऱ्या आजोबांना कुणी ‘दगावले’ म्हणत नाही.

खरी मेख ‘प्रेत’ या शब्दात आहे. ‘प्र’ म्हणजे पुढे आणि ‘इ’ हा जाण्याचा धातू. प्रेत म्हणजे पुढे गेलेला. हे मुळात मुडद्याचं नाव नव्हतं, प्रवासातल्या मुक्कामाचं होतं. सपिंडीकरण होईपर्यंत गेलेला माणूस प्रेत, त्यानंतर पितर. मराठीनं तो शब्द निर्जीव देहाला लावला, पण तोही माणसाच्याच. बैलाचं प्रेत नसतं. छापील मराठीत त्याचं ‘कलेवर’ असतं, बोलीत नुसतं ‘मेलेलं ढोर’. गंमत म्हणजे संस्कृतात कलेवर हा माणसाच्या देहाचाही प्रतिष्ठित शब्द. गीतेच्या आठव्या अध्यायात अंतकाळी जे सोडायचं ते कलेवरच. मराठी बातमीदारानं ते किनाऱ्याला लागलेल्या देवमाशापर्यंत नेलं.

माणूस पुढे जातो, ढोर ओढून नेलं जातं. कुणी ओढायचं हेही गावानं जातीवर ठरवून टाकलं होतं. महारांच्या वतनी जमिनीला ‘हाडकी-हाडोळा’ म्हणत. शब्दातलं हाड अलंकारिक नाही; मेलेली जनावरं ओढून टाकण्याच्या कामाशीच ते नाव बांधलेलं आहे. 1927च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेली ढोरं ओढणं आणि मृत मांस खाणं सोडा असं बजावलं, तेव्हा या शब्दाखालची जमीनच हलली. जनावराच्या मरणोत्तर गतीची चर्चा करताना त्याच्या देहाची गती कुणाच्या खांद्यावर टाकली होती, हे वगळून पुढे जाणं मला बरं वाटत नाही.

आता शास्त्राकडे वळलं, की चित्र उलटं होतं. तिथं जीव सगळ्यांना आहे. प्राणी म्हणजे प्राण असलेला. त्यात माणूसही आला. फारसी ‘जानवर’ म्हणजेही जान असलेला. लॅटिन ‘अ‍ॅनिमा’ म्हणजे श्वास, आणि त्यावरूनच ‘अ‍ॅनिमल’. तीन भाषांनी एकच गोष्ट सांगितली आणि तिन्हींच्या बोलणाऱ्यांनी तो शब्द स्वतःवरून काढून चतुष्पादांवर टाकला.

चौऱ्यांशी लक्ष योनींचा एक प्रचलित हिशेब असा: जलचर नऊ लाख, झाडंझुडपं वीस, कृमिकीटक अकरा, पक्षी दहा, पशू तीस आणि माणसं उरलेले चार लाख. झाडांना माणसाच्या पाचपट वाटा! इथं परलोकात जनावराला प्रवेश आहे का, हा प्रश्नच उठत नाही, कारण गेलेला माणूस कुठल्या तरी गोठ्यात किंवा वारुळात येऊन पडलेला असू शकतो. फक्त एक अट घातलेली आहे. जनावराची योनी ही ‘भोगयोनी’. मागचं फेडायचं, पुण्याचं नवं खातं उघडायचं नाही. जैनांनी दार जास्त उघडं ठेवलं. देव, नारकी आणि माणसं सोडून बाकी सगळ्या जीवांना ते ‘तिर्यंच’ म्हणतात, तिर्यक् म्हणजे आडवं; आणि पंचेंद्रिय तिर्यंच आपल्या आचरणानं देवगतीलाही जाऊ शकतो.

भोग म्हटलं की भोकरदन आठवावंच लागतं. त्याचं जुनं नाव भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावरच्या दानलेखांत या गावचे दाते आहेत. नावातला भोग हा समृद्धीचा, कर्मभोगाचा नव्हे, हे खरं. पण शब्दांना शेजार असतो. तालुक्याच्या नावात भोग आणि पिंपळगावाच्या नावात पिप्पल. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या 164व्या सूक्तात एका झाडावर दोन पक्षी बसले आहेत, त्यातला एक पिप्पल खातो आणि दुसरा नुसता बघतो. तिथं पिप्पल म्हणजे झाड नव्हे, फळ. पुढच्या भाष्यकारांनी खाणारा पक्षी म्हणजे कर्मफळ भोगणारा जीव असं लावलं. म्हणजे जिवाचं चित्र काढायची वेळ आली, तेव्हा माणूस नाही, पाखरू काढलं गेलं. (याच पिप्पल घराण्यातल्या ‘पिप्पली’वरून ग्रीक-लॅटिन वळसे घेत इंग्रजी ‘पेपर’ झाला. मिरचीच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या पिंपळगाव रेणुकाईनं हा योगायोग खुशाल मिरवावा.)

मराठवाडा 17 सप्टेंबर 1948पर्यंत निजामाच्या राज्यात होता, म्हणून इकडच्या कानाला उर्दू परकी नाही. ‘हैवान’ हा शब्द आपण नराधमासाठी राखून ठेवला आहे. अरबीत ‘हयवान’ म्हणजे साधा प्राणी, ‘हयात’ म्हणजे आयुष्य, दोन्हींचं मूळ एकच. पेन्शनवाल्याला दरवर्षी द्यावा लागतो तो हयातीचा दाखला आणि बातमीतला हैवान, हे सख्खे नातलग! त्याहून नवल पुढे आहे. कुराणात ‘हयवान’ हा शब्द एकदाच येतो, 29व्या सूरेत, आणि तिथं त्याचा अर्थ जनावर नाहीच. मरणानंतरचं घर हेच खरं जगणं, असं सांगताना त्या खऱ्या जगण्यासाठी तो वापरला आहे. त्या सूरेचं नाव ‘अल्-अनकबूत’, म्हणजे कोळी, जाळं विणणारा. जमिनीवरची जनावरं आणि पंखांनी उडणारी पाखरं हेही तुमच्यासारखेच समाज आहेत, शेवटी त्यांनाही परमेश्वराकडे गोळा केलं जाईल, हे सहाव्या सूरेत आहे; तिचं नाव ‘अल्-अनआम’, गुरंढोरं. गोळा झाल्यावर पुढे त्यांचं काय, यावर भाष्यकारांत एकमत नाही.

आपल्याकडे जनावरांवाचून माणसाचा परलोक एक पाऊल चालत नाही, हेही बघा. पिंडाला कावळा शिवल्याशिवाय जीव सुटत नाही. वैतरणी ओलांडायची तर गाईचं शेपूट हवं. मृताच्या नावानं वृषोत्सर्ग करून डाग दिलेला वळू मोकळा सोडत, त्याला मराठीत ‘पोळ’ म्हणतात. पिंपळाला घट बांधतात, म्हणजे झाडही कामाला लावलं. एवढी सगळी ने-आण करणाऱ्यांची स्वतःची सोय मात्र शब्दांत नाही. कावळ्याच्या पिंडाला कोण शिवतं, हे कुणी विचारलेलं नाही.

अपवाद आहेत, आणि ते गोड आहेत. जुन्नर तालुक्यातल्या आळे गावी ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी आहे. पैठणला ज्याच्या मुखातून वेद वदले गेले अशी कथा आहे, तोच हा रेडा. ‘समाधी’ हा शब्द योग्यांचा. तो रेड्याला देताना वारकऱ्यांची जीभ जराही अडखळली नाही. इगतपुरी तालुक्यातलं टाकेद हे जटायूचं स्थान मानलं जातं. रामानं त्या पक्ष्याला पाणी दिलं आणि अग्नीही दिला, जो रामायणात दशरथाला रामाच्या हातून मिळाला नाही. तर्पणातही सगळ्या जिवांना पाणी सोडताना ‘आब्रह्मस्तंब’ असा एक शब्द येतो: ब्रह्मदेवापासून स्तंबापर्यंत. स्तंब म्हणजे गवताचा झुबका, खांब नव्हे. इतक्या खालपर्यंत ओंजळ पोचते, मग बैलाचं कुठं अडतं?

अडतं ते बोलीतच, आणि सुटतंही तिथंच. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदमळणी असते. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेल्या खांद्यावर हळद आणि लोणी किंवा तूप बोटांनी जिरवत नेतात, आणि मग धनी बैलाच्या कानाशी वाकून दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतो. आवतण म्हणजे आमंत्रण, पाहुण्याला देतात तेच. दुसऱ्या दिवशी बाशिंग बांधून मारुतीपुढे त्याच्यासाठी मंगलाष्टकंही म्हणतात. लग्न आणि पाहुणचार दोन्ही दिल्यावर तेराव्याचा शब्द तेवढा हातचा का ठेवावा? अलीकडे कुठल्या ना कुठल्या गावातून बातमी येते, की शेतकऱ्यानं बैलाचा दशक्रिया विधी केला, गावजेवण घातलं. लोक कौतुक करतात, काही नाकं मुरडतात.

अशा विधीची पत्रिका काढायची तर बैलाच्या नावाआधी ‘कै.’ लावावं का, ही अडचण मला फारशी पटत नाही. शैव परिभाषेत ‘पशू’ म्हणजे पाशात अडकलेला कोणताही जीव, पत्रिका छापणारा आणि वाचणाराही त्यात आला. आणि कैलासावर आपल्यापैकी कुणाची जागा ठरलेली आहे याची खात्री नसली, तरी एक बैल तिथं केव्हाचा, थेट दारातच बसलेला आहे.