मोहाचे बी व आंतरपृष्ठाचा प्रश्न

भंडारा जिल्ह्यातील मोहाचा वृक्ष इतिहासलेखकांना परिचित आहे तो मुख्यतः फुलांमुळे. अबकारी दप्तरांनी ती सवय लावली. फुलांमागून येणाऱ्या बीची उपेक्षा मात्र रसायनदृष्ट्या अक्षम्य होय. बी घाण्यात गाळले असता तेल व पेंड हाती येतात. तेलातील मेदाम्लांचा अल्काशी संयोग होऊन साबण बनतो, आणि पेंडीत शेकडा ४ ते ६ या प्रमाणात सॅपोनिन उरते. एकाच बीतून निघणारी ही दोन्ही द्रव्ये पृष्ठसक्रिय आहेत. त्यांच्या रेणूचे एक अंग पाण्याकडे व दुसरे तेलाकडे ओढ घेते. म्हणून तेल व पाणी यांच्या सीमेवर ते गोळा होऊन तेथील ताण उतरवितात.

दोहोंची रीत भिन्न आहे. साबणाचा रेणू लहान व चपळ असतो. सॅपोनिनचा रेणू थोराड. तो सीमेवर सावकाश पोहोचतो, परंतु शेजाऱ्यांशी हायड्रोजन-बंधांनी जखडला जाऊन तेलाच्या थेंबाभोवती ताठर पापुद्रा धरतो. रिठ्याचा फेस टिकतो, त्याचेही कारण हेच.

संश्लेषित द्रव्यांचा उगम टंचाईत आहे. पहिल्या महायुद्धात चरबी दुर्मिळ झाली, तेव्हा जर्मनीत १९१७ च्या सुमारास दगडी कोळशाच्या डांबरापासून साबणाला पर्याय काढण्यात आला. भारतात ‘सर्फ’ १९५९ मध्ये व ‘निरमा’ १९६९ मध्ये बाजारात आले. जड पाण्यात साबणाची चुनखडीयुक्त साय धरते. सल्फोनेटवर्गीय द्रव्य स्वतः तशी साय धरीत नाहीच, शिवाय साबणाची सायही पाण्यात विखुरलेली ठेवते. येथे नव्याने जुन्यास साह्यच केले. सॅपोनिनशी त्याचा संबंध इतका सरळ नाही. लहान रेणू पापुद्र्याच्या फटींत शिरतात, ताण आणखी उतरतो, पण जाळे सैल पडते. म्हणजे ताण घटला म्हणून पायस अधिक टिकेल असे मुळीच नव्हे. द्रव्यांचे प्रमाण व ती मिसळण्याचा क्रम यांवर निर्णय अवलंबून राहतो.

‘नैसर्गिक ते निरुपद्रवी’ हे लोकप्रिय समीकरण भंडाऱ्यासारख्या तलावांच्या प्रदेशात तरी तपासून घ्यावयास हवे. कोहळी समाजाने बांधलेले आणि १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आल्यावर ‘माजी मालगुजारी’ म्हणजे ‘मामा’ ठरलेले हे तलाव शेती व मासेमारी या दोहोंचा आधार आहेत. मत्स्यबीज सोडण्यापूर्वी नको असलेले मासे मारण्यासाठी भारतीय मत्स्यसंवर्धनात मोहाची पेंडच वापरतात. पाण्याच्या दहा लक्ष भागांस सुमारे २५० भाग. सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांना इजा करते व रक्तपेशी फोडते. मात्र दोनतीन आठवड्यांत त्याचे विष ओसरते. याउलट आरंभीच्या संश्लेषित द्रव्यांची शाखायुक्त शृंखला जीवाणूंना सहज पचत नसे. युरोप-अमेरिकेतील नद्यांवर फेसाचे थर तरंगू लागले, आणि १९६४-६५ मध्ये जर्मनी व अमेरिकेत सरळ शृंखलेचा स्वीकार झाला. आक्षेप होता तो रेणूच्या रचनेवर, उगमावर नव्हे.

कल्ल्याचे आवरण हेही एक आंतरपृष्ठच होय. पेंड घातलेल्या तलावात धुण्याचे पाणी उतरत असेल, तर विषमात्रा ठरविताना दोन्ही द्रव्ये एकत्र धरली पाहिजेत. केवळ पेंडीचे वजन मोजून भागणार नाही.