लहान मुलांना मोठ्यांच्या गोळीचा अर्धा तुकडा का चालत नाही?

रात्रीचे ११ वाजलेत. जिंतूर किंवा पालम तालुक्यातल्या एखाद्या गावात दीड वर्षाच्या पोराला ताप भरलाय. मेडिकल बंद, दवाखाना लांब. घरात बाबांची ५००ची पॅरासिटामॉल आहे, मोठ्या बहिणीच्या वेळची सिरपची बाटली आहे आणि शेजारच्या काकूंनी ड्रॉप्स आणून दिलेत. तिन्हींत औषध एकच. पण माप तिन्हींचं वेगळं, आणि घोळ होतो तो इथेच.

पॅरासिटामॉल मुलांना वयावर नाही, वजनावर देतात. एका वेळी किलोमागे साधारण १५ मिलिग्रॅम. पोराचं वजन १० किलो असेल तर १५० मिलिग्रॅम. आता बाटल्या बघा. ड्रॉप्समध्ये बहुतेक वेळा १ मिलीत १०० मिलिग्रॅम औषध असतं, म्हणजे दीड मिली पुरे. १२५च्या सिरपमध्ये ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम, म्हणजे ६ मिली लागतील. २५०च्या सिरपचे ३ मिली बास.

सिरपचं ६ मिलीचं माप लक्षात ठेवून कुणी ड्रॉप्सच ६ मिली पाजले, तर त्या १० किलोच्या जिवात ६०० मिलिग्रॅम जातात. बाबांच्या गोळीपेक्षा जास्त! असे दिवसभरात चार डोस गेले, तर यकृताला इजा होऊ शकते. ड्रॉप्स बाळांसाठी असतात म्हणून ते पातळ असणार, असं आपण धरून चालतो. असतं नेमकं उलटं. बाळाला थोडंच पाजता येतं, म्हणून ते घट्ट बनवतात.

दोन डोसमध्ये किमान ४ ते ६ तासांचं अंतर हवं, २४ तासांत चारच्या वर डोस नको. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप असेल तर घरी औषध देत बसूच नका, थेट डॉक्टर गाठा. आणि घरातला चमचा नको. चहाचा, पोह्यांचा, भाजीचा, प्रत्येकाचं माप वेगळं. बाटलीसोबतचं टोपण किंवा बिनसुईची सिरिंज वापरा. वजन माहीत नसेल तर अंगणवाडीत विचारा, तिथे त्याची नोंद ठेवतात.

पण मग वजनाच्या हिशोबाने मोठ्यांचा डोस कापला की झालं का? नाही, कारण मूल म्हणजे छोट्या आकाराचा मोठा माणूस नव्हे.

सुरुवात पोटापासून. नवजात बाळाच्या जठरात आम्ल फार कमी असतं, ते मोठ्यांइतकं व्हायला दोनेक वर्षं लागतात. त्यामुळे आम्लात नासणारं पेनिसिलिन बाळाच्या रक्तात जास्त उतरतं, तर काही औषधं कमी आणि उशिरा उतरतात. पहिले सहा-आठ महिने पोट रिकामंही सावकाश होतं.

मग पाणी. नवजात बाळाच्या वजनात सुमारे ७५ टक्के पाणी, मोठ्या माणसात ५५ ते ६०. जेंटामायसिनसारखं पाण्यात विरघळणारं औषध बाळात जास्त पसरतं, म्हणून किलोमागे डोस जास्त लागतो. पण मूत्रपिंडं अजून कच्ची असल्याने ते बाहेर पडायला वेळ लागतो, म्हणून दोन डोसमधलं अंतरही वाढवावं लागतं. डोस मोठा, पण कमी वेळा. नुसता भागाकार करून हे उत्तर येत नाही.

यकृताचं उदाहरण जास्त वाईट आहे. क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक एकेकाळी नवजात बाळांनाही सर्रास दिलं जायचं. बाळांचं अंग राखाडी पडायचं, रक्तदाब कोसळायचा आणि काही दगावायची. १९५९मध्ये याचा उलगडा झाला. ते औषध निकामी करणारं विकर नवजात यकृतात पुरेसं तयारच नसतं. गंमत म्हणजे पुढे एक ते सहा वर्षांत हेच यकृत इतकं जोमात येतं, की काही औषधं किलोमागे मोठ्यांपेक्षा जास्त द्यावी लागतात.

त्वचाही आहेच. बाळाच्या वजनाच्या मानाने अंगाचा पृष्ठभाग मोठ्यांच्या दोन-तीन पट असतो, त्यामुळे लावलेलं औषध आत जास्त जातं. सर्दीला छातीवर कापराचा बाम चोळायची आपल्याकडे सवय आहे, पण दोन वर्षांखाली तो नको. कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात.

वजनाचा नियम कुठे पाळायचा आणि कुठे मोडायचा, हे विंचू आणि साप छान समजावतात. विंचूदंशावर प्राझोसिनचा उपयोग डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडमध्ये काम करताना जगापुढे आणला. ते मूळचे आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातले, २०२२मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे औषध मुलांना किलोमागे ३० मायक्रोग्रॅम देतात, तेही दवाखान्यातच. सर्पदंशात मात्र प्रतिविषाच्या जेवढ्या कुप्या मोठ्यांना, तेवढ्याच चार वर्षांच्या पोरालाही. सुरुवातीलाच ८ ते १०. कारण साप माणूस बघून विष कमी सोडत नाही आणि प्रतिविषाला विषाशी लढायचं असतं, पोराच्या वजनाशी नाही. 'एवढ्याशा लेकराला इतकं इंजेक्शन?' म्हणून कुणी डॉक्टरांशी वाद घालत असेल, तर हे सांगा.

आता खोकल्याचं औषध. २०२५मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात कोल्ड्रिफ सिरपनंतर मूत्रपिंडं निकामी होऊन मुलं दगावली, त्यातल्या अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं. तिथे दोष डोसचा नव्हता, सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष ४८ टक्क्यांहून जास्त निघालं. पण त्यामुळे जुनाच प्रश्न वर आला, की इतक्या लहानांना हे सिरप लागतं का? सर्दी-खोकल्याच्या क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन या जोडीवर चार वर्षांखाली देऊ नये असं छापा, हा आदेश डिसेंबर २०२३पासूनच आहे. दोन वर्षांखाली खोकल्याची औषधं देऊच नका, असं केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने २०२५मध्ये पुन्हा सांगितलं.

चुकून पॅरासिटामॉल जास्त गेलंच, तर पोर खेळतंय म्हणून थांबू नका. यकृताची लक्षणं दोन-तीन दिवसांनी दिसतात आणि त्यावरचा उतारा पहिल्या आठ तासांत सगळ्यात चांगला लागू पडतो. १०८ला फोन करा आणि बाटली सोबत घ्या. किती मिली, किती वाजता, हे डॉक्टर पहिलं विचारतील.